करंट मिररला डमी लावले काय, न लावले काय, सिम्युलेशन तेच येतं. मग जागा का घालवायची?

प्रश्न: वऱ्हाडी_सर्किट

नमस्कार. एम.टेक.चं दुसरं वर्ष, विदर्भातलं एक अभियांत्रिकी कॉलेज. आमच्या गटाची एक छोटी चिप १८० नॅनोमीटरमध्ये मोहालीच्या एससीएलला (सरकारी चिप कारखाना) जाणार आहे. माझ्या वाट्याला बँडगॅप रेफरन्स, म्हणजे तापमान बदललं तरी जवळजवळ न हलणारं व्होल्टेज देणारं सर्किट, आलाय. लेआउट, म्हणजे सर्किटचा चिपवरचा नकाशा, पहिल्यांदाच करतोय आणि शेजारी बसून दाखवणारं कोणी नाही, म्हणून इथे विचारतो.

माझ्या पीमॉस करंट मिररमध्ये (एका शाखेतला करंट ठरलेल्या प्रमाणात दुसऱ्या शाखांत उतरवणारं सर्किट) तीन शाखा आहेत. क आणि ख या दोन शाखा बायपोलरना करंट देतात, प्रत्येकी ४ फिंगर (एकाच ट्रान्झिस्टरचे समांतर तुकडे). ग ही आउटपुटची शाखा, तिला दुप्पट करंट, म्हणून ८ फिंगर. प्रत्येक फिंगर ५ मायक्रॉन रुंद, लांबी १ मायक्रॉन. पुरवठा १.८ व्होल्ट. फिंगर जोडीजोडीने असे मांडलेत (एक अक्षर म्हणजे दोन फिंगर):

ग क ख ग ग ख क ग

मधोमध रेघ मारली तर डावं-उजवं सारखं. म्हणजे कॉमन सेंट्रॉइड झालं, सगळ्या शाखांचा मध्यबिंदू एकच. सर म्हणाले, दोन्ही टोकांना एकेक डमी, म्हणजे सर्किटमध्ये काम न करणारा जादा फिंगर, टाक. टाकले, आणि अडचणी सुरू झाल्या.

एलव्हीएस (लेआउट आणि स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचं चित्र, जुळतात का ती तपासणी) फेल. स्कीमॅटिकपेक्षा लेआउटमध्ये दोन ट्रान्झिस्टर जास्त, म्हणतो. मिररची लांबी साधारण २७ मायक्रॉन होती ती साडेतीस झाली, आणि शेजारचा रेझिस्टरचा ब्लॉक सरकवावा लागतोय. हेही केलं असतं. पण एक्स्ट्रॅक्शन करून, म्हणजे लेआउटवरून सर्किट परत काढून, सिम्युलेशन चालवलं तर आउटपुट व्होल्टेज चौथ्या दशांशापर्यंत तेच. डमीसकट तेच, डमीशिवाय तेच. मोंटे कार्लोच्या (ट्रान्झिस्टरमध्ये यादृच्छिक फरक टाकून पुन्हा पुन्हा सिम्युलेशन) ५०० फेऱ्या केल्या, त्याचाही पसारा तोच.

मग डमीने नेमकं काय केलं? शिवाय रिकाम्या जागी फाउंड्रीची (चिप बनवणाऱ्या कारखान्याची) फिल स्क्रिप्ट नंतर डमी पॉली (गेट ज्याचं बनतं तो पॉलिसिलिकॉनचा थर) भरणारच आहे, तर मी वेगळे कशाला टाकू?

सध्या डमीचं गेट मिररच्याच गेट लाइनला जोडलंय, कारण ती शेजारूनच जात होती. डमीचं बाहेरचं डिफ्यूजन (सोर्स-ड्रेनचा सिलिकॉनचा भाग) मोकळं आहे. हे बरोबर आहे का तेही सांगा.

उत्तर १: राहुरीची_लेआउटवाली

सिम्युलेशनवालं निरीक्षण तू नोंदवलंस हे फार बरं केलंस. बरेच जण सर म्हणाले म्हणून डमी टाकतात आणि पुढे कोणी जागा मागितली की काढून टाकतात. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सिम्युलेटरला फरक दिसला नाही, कारण तो त्याला कोणी सांगितलेलाच नाही. एक्स्ट्रॅक्शन गेटची लांबी मोजतं ती तू काढलेली. सोळाही फिंगरना ते १ मायक्रॉन लिहितं. वेफरवर टोकाचा फिंगर ०.९८ उतरला, तर ते त्या नेटलिस्टमध्ये (एक्स्ट्रॅक्शनने काढलेल्या सर्किटच्या यादीत) यायला वाटच नाही. मोंटे कार्लोचंही तसंच. त्यात येतो तो यादृच्छिक फरक, म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या दोन हुबेहूब ट्रान्झिस्टरमध्येही उरतोच तो. फिलिप्समध्ये पेल्ग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली मांडलेलं सूत्र आपण सगळे वापरतो: थ्रेशोल्डमधल्या (ट्रान्झिस्टर ज्या गेट व्होल्टेजला चालू होतो त्यातल्या) फरकाचा सिग्मा, म्हणजे पसारा, म्हणजे एक स्थिरांक भागिले गेटच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ. ट्रान्झिस्टर टोकाला आहे की मध्ये, हे त्या सूत्राला माहीत नाही. लेआउट करणाऱ्याने सगळ्यांना सारखे शेजारी दिलेत, असं धरूनच ते आकडे येतात. तुझे ५०० रन हे डमी असलेल्या लेआउटचेच आहेत, फक्त तू ते डमी काढलेत.

माझे वडील राहुरीला कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कापणीच्या वेळी जायची. ज्वारीच्या एका वाणाच्या तुकड्यात आठ-दहा ओळी असायच्या, पण वजन करताना कडेच्या ओळी बाजूला टाकायचे. मी विचारायची, चांगली भरलेली कणसं का सोडता? ते सांगायचे की कडेच्या ताटाला एका बाजूने मोकळं ऊन, मोकळी हवा, मुळांना जास्त जागा; ते वाणाचं उत्पन्न नाही, कडेचं उत्पन्न आहे. पेरायच्या मात्र त्या ओळी त्याच बियाण्याच्या, त्याच अंतरावर. नाहीतर त्यांच्या आतली ओळ कडेची होते. डमी म्हणजे हेच. त्याचं उत्पन्न मोजायचं नाही, पण तो पेरायचा बाकीच्यांसारखाच.

वेफरवर कडेला काय होतं? पॉलीचं एचिंग प्लाझ्मात होतं. दाट फिंगरांच्या मधल्या फटीत रसायन जातं तसं टोकाच्या फिंगरच्या बाहेरच्या उघड्या मैदानात जात नाही. तिथली बाजूची भिंत जास्त खाल्ली जाते आणि गेट थोडं अरुंद होतं. लिथोग्राफीतही ज्या रेघेला दोन्हीकडे शेजारी आहेत तिची प्रतिमा आणि एकाच बाजूला शेजारी असलेल्या रेघेची प्रतिमा सारखी पडत नाही.

आता तुझी मांडणी बघ. दोन्ही टोकांना कोण आहे? ग. दोन्हीकडे तोच. समजा टोकाचा फिंगर २० नॅनोमीटरने कमी झाला, म्हणजे १ मायक्रॉनमध्ये २ टक्के. गच्या ८ फिंगरपैकी २ टोकाला, म्हणून गचा करंट अर्धा टक्का जास्त. क आणि ख आत सुरक्षित, त्यांना काही नाही. तुझ्या आउटपुटच्या १.२ व्होल्टमध्ये तापमानाबरोबर वाढणारा भाग साधारण ०.५५ व्होल्ट असणार. त्याचा अर्धा टक्का म्हणजे पावणेतीन मिलिव्होल्ट. सगळ्या चिपवर, एकाच दिशेने.

आणि यातली गोम लक्षात घे. दोन सारखे ट्रान्झिस्टर नुसते शेजारी ठेवले असते, कककक खखखख, तर डावं टोक कला, उजवं टोक खला, दोघांचं नुकसान सारखं आणि गुणोत्तर शाबूत. त्यांनाच आपण कक खखखख कक असं कॉमन सेंट्रॉइड करतो तेव्हा दोन्ही टोकं कच्या वाट्याला येतात. ऑक्साइडच्या जाडीतला उतार वगैरे त्या मांडणीने जातो, पण कडेचा फरक आपणच एका बाजूला गोळा करतो. डमी नसलेलं कॉमन सेंट्रॉइड साध्या मांडणीपेक्षा वाईट ठरू शकतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी ते शिकले २००९ मध्ये. बंगळुरूला, नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष. एलईडी चालवणारी चिप होती, १६ चॅनेल, १६ एनमॉस करंट सिंक एका ओळीत. पहिल्या लेआउटमध्ये ओळीच्या दोन्ही टोकांना डमी होते. टेपआउटच्या, म्हणजे डिझाइन कारखान्याला पाठवायच्या, आठवड्यात पॅडसाठी जागा कमी पडली, मला डमी काढायला सांगितलं आणि मी काढले. एलव्हीएस स्वच्छ आला, कारण आमच्या एलव्हीएसच्या नियमांत डमी आपोआप गाळले जात होते. होते तेव्हाही स्वच्छ, नव्हते तेव्हाही स्वच्छ. स्कीमॅटिकमध्ये त्यांचा मागमूस नव्हता, त्यामुळे रिव्ह्यूत कोणालाच काही कळलं नाही.

चिप आल्या. चाचणीच्या टेबलावर तीसेक चिपचे आकडे एका कागदावर काढले. चॅनेल २ ते १५ विखुरलेले, कुठे वर कुठे खाली, जसे असायला हवेत. चॅनेल १ आणि चॅनेल १६ मात्र बाकीच्यांपेक्षा सुमारे दीड टक्का वर. प्रत्येक चिपवर. तो आलेख मी विसरलेले नाही. दोन्ही टोकांना वर उचललेला, मध्ये सपाट. अशी खूण दिसली की यादृच्छिक फरकाला दोष देऊ नये. त्याला टोकं ठरवून निवडता येत नाहीत. दुरुस्ती नुसत्या मेटलमध्ये होणारी नव्हती. डिफ्यूजन आणि पॉलीचे मास्क बदलले, चिप सगळी पुन्हा गेली.

आता तुझे डमी.

ते टोकाच्या फिंगरला चिकटून, त्याच डिफ्यूजनवर हवेत. थोडी जागा सोडून वेगळ्या डिफ्यूजनवर ठेवले तर एचिंगचं काम भागतं, पण दुसरं राहून जातं. डिफ्यूजन जिथे संपतं तिथे ऑक्साइडचा खंदक सुरू होतो, आणि तो खंदक सिलिकॉन दाबतो. या दाबाने एनमॉसचा करंट घटतो, पीमॉसचा वाढतो, आणि गेट खंदकाच्या जितकं जवळ तितका परिणाम जास्त. डमी त्याच डिफ्यूजनवर असला की खंदक एक फिंगरभर लांब जातो. १८० मध्ये हा परिणाम बेताचा, ६५ च्या खाली गेलं की डोळे उघडतो. बीसिम४ या ट्रान्झिस्टर मॉडेलमध्ये यासाठी एसए आणि एसबी हे दोन आकडे असतात: गेटच्या दोन कडांपासून डिफ्यूजनच्या टोकांपर्यंतचं अंतर. तुझी एक्स्ट्रॅक्ट केलेली नेटलिस्ट उघडून हे आकडे आहेत का बघ. शून्य असतील किंवा नसतीलच, तर सिम्युलेटर हा भाग गाळून पुढे जातो. चौथ्या दशांशापर्यंत सारखं उत्तर येण्याचं हे एक कारण असू शकतं.

लांबी तीच, रुंदी तीच, अंतर तेच. अर्ध्या लांबीचा डमी टाकून जागा वाचवू नकोस. तुझ्या १ मायक्रॉन लांबीला प्रत्येक टोकाला एक डमी पुरेल. लांबी ०.१८ असती तर दोन सांगितले असते, कारण एकाने फारसं अंतर पडत नाही.

जोडणी. डमीचं गेट, बाहेरचं डिफ्यूजन, सगळं त्याच शांत ॲनालॉग पुरवठ्याला. पीमॉस म्हणून पुरवठ्याला. एनमॉस असता तर ग्राउंडला. तुझे फिंगर जोडीने आहेत, त्यामुळे ओळीच्या दोन्ही टोकांना सोर्स येतो आणि सोर्स आधीच पुरवठ्याला आहे. डमीची चारही टर्मिनल एकाच नोडवर, तो कायमचा बंद. जोडीने फिंगर ठेवण्याचा हा मोठा फायदा. टोकाला ड्रेन आला असता तर डमी त्या ड्रेनला लटकला असता, त्याची गळती आणि कपॅसिटन्स दोन्ही तुझ्या करंटच्या नोडवर.

गेट मिररच्या लाइनला जोडलंस त्याने डीसीत काही बिघडत नाही, म्हणून तुला काही दिसलं नाही. पण दोन फिंगरचं गेट कपॅसिटन्स फुकट त्या लाइनवर चढलं, आणि ऑपअँपचा लूप त्याच लाइनवर बंद होतो. तिथून काढ. बाहेरचं डिफ्यूजन मोकळं ठेवू नकोस. आणि गेट तर कधीच मोकळं सोडायचं नाही. त्यावर चार्ज कुठून येऊन बसेल आणि खालचा चॅनेल चालू की बंद, हे कोणालाच सांगता येत नाही.

एलव्हीएससाठी माझं मत ठाम आहे: डमी स्कीमॅटिकमध्ये काढ. एक चिन्ह, मल्टिप्लायर २, चारही टर्मिनल पुरवठ्याला, शेजारी 'डमी, मिररच्या दोन्ही टोकांना' अशी टीप. एलव्हीएसमध्ये त्यांना गाळण्याची सोय असते आणि अनेक ठिकाणी तीच पद्धत आहे, पण मी ती वापरत नाही. कारण वर सांगितलंच. स्कीमॅटिकमध्ये असलेला डमी कोणी काढला तर एलव्हीएस ओरडतो.

फिल स्क्रिप्टचे डमी पूर्ण वेगळे. नावापुरतंच साम्य. ते पॉलिशिंगमध्ये वेफर सपाट राहावा आणि घनतेचे नियम पाळले जावेत म्हणून असतात. तुझ्या टोकापासून किती अंतरावर पडतील, डावीकडे आणि उजवीकडे सारखे पडतील का, यावर तुझा ताबा नाही. उलट मिररवर आणि आजूबाजूला फिल टाळण्याचा लेयर ओढून ठेव, आणि घनता कमी पडली तर हाताने दोन्ही बाजूंना सारखं भर. मेटल फिलही ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर येऊ देऊ नकोस. एकावर मेटल आणि दुसरा उघडा, एवढ्यानेही मॅचिंग बिघडतं. फिलिप्सच्याच टाउनहाउट यांनी १९९६ मध्ये हे मोजून दाखवलं.

एक शेवटचं. तुझ्या पीमॉसच्या एन-वेलची (पीमॉस ज्या भागात बसतात त्याची) कड कुठे आहे? वेलचं इम्प्लांट करताना रेझिस्टच्या कडेवर आपटून काही आयन आत उडतात आणि कडेजवळच्या ट्रान्झिस्टरचा थ्रेशोल्ड हलतो. मी १८० मध्ये चालू फिंगरपासून वेलची कड ३ मायक्रॉन तरी लांब ठेवते. त्या अंतरातला काही भाग डमीच व्यापतात, म्हणजे तुझे साडेतीन मायक्रॉन सगळेच काही वाया गेले नाहीत.

उत्तर २: एचिंगवाला_सिंगापूर

ताईंचं सगळं पटलं, एका वाक्याला दुरुस्ती सुचवतो. मी ११ वर्षं फॅबमध्ये पॉली एचिंगवर आहे.

'टोकाचं गेट अरुंद होतं' असं सरसकट धरू नका. पॉलीचं एचिंग बहुतेक ठिकाणी हायड्रोजन ब्रोमाइड, क्लोरीन आणि थोड्या ऑक्सिजनच्या मिश्रणात होतं. यात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. रसायन भिंत खातं, आणि एचिंगमधून निघालेले पदार्थ त्याच भिंतीवर पुन्हा बसून तिला झाकतात. मोकळ्या बाजूला खाणंही वेगळं, बसणंही वेगळं. कोण जिंकेल ते त्या रेसिपीवर. आम्ही प्रत्येक लॉटच्या वेफरवर दाट रेघा आणि एकट्या रेघा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो आणि दोन्हींतला फरक ठरलेल्या हद्दीत ठेवतो. फरक शून्य कधीच नसतो. एका रेसिपीत एकटी रेघ जाड यायची, गॅसचं प्रमाण बदललं तर बारीक. चेंबर धुतल्यानंतरचे पहिले काही वेफर आणखी वेगळे.

म्हणून कोणी असं सुचवलं की टोकाचा फिंगर तेवढा थोडा लांब काढून हिशेब जुळवू, तर तसं करू नका. आज जुळवलेला आकडा सहा महिन्यांनी उलट्या दिशेने जाईल. डमी टाकला की आमच्याकडे काहीही झालं तरी तुमच्या सगळ्या फिंगरना सारखंच होतं.

उत्तर ३: ओपन_पीडीके_पुणे

मी नोकरीत डिजिटल करतो. ॲनालॉग घरी रात्री, स्कायवॉटरच्या १३० नॅनोमीटरच्या खुल्या पीडीकेवर (त्या प्रक्रियेसाठीचा डिझाइन संच), मॅजिक आणि केलेआउट ही लेआउटची सॉफ्टवेअर वापरून. त्यामुळे चुकलो तर सांगा, पण मला वऱ्हाडीभाऊंचा मुद्दा अजून थोडा लढवायचा आहे.

ताई, तुमच्या हिशेबात कडेचा परिणाम अर्धा टक्का आला. पेल्ग्रोमचा हिशेब मी केला. स्थिरांक ५ मिलिव्होल्ट-मायक्रॉन धरला. कचं क्षेत्रफळ २० चौरस मायक्रॉन, वर्गमूळ साडेचारच्या आसपास, सिग्मा १.१ मिलिव्होल्ट. ओव्हरड्राइव्ह (थ्रेशोल्डच्या वरचं गेट व्होल्टेज) पाव व्होल्ट धरला तर करंटमध्ये ०.९ टक्के. हा एक सिग्मा. तीन सिग्मा २.७ टक्के. मग अर्ध्या टक्क्यासाठी डमी, आणि त्याच्या पाचपट फरक तसाच? जागा वाढवायचीच तर ट्रान्झिस्टर मोठे का नाही करायचे?

एक गोष्ट मात्र खरी निघाली. तुमचं वाचून माझी नेटलिस्ट उघडली. एसए शून्य, एसबी शून्य, सगळीकडे. दोन वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

उत्तर ४: राहुरीची_लेआउटवाली

@एचिंगवाला_सिंगापूर, दुरुस्ती मान्य. आमच्या चिपवर करंट वाढला होता म्हणून माझ्या डोक्यात 'अरुंद' हेच बसलं. फॅबकडची बाजू आम्हाला फार क्वचित ऐकायला मिळते, आणखी लिहा.

@ओपन_पीडीके_पुणे, तुमचा आकडा बरोबर आहे, आणि ट्रान्झिस्टर मोठे करा हा सल्लाही. पण दोन्ही फरक एका पारड्यात घालू नका. ०.९ टक्का हा शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरतो. शंभर चिपची सरासरी काढली तर जातो. अर्धा टक्का हा सरासरीच सरकवतो. स्पेसिफिकेशनची खिडकी दोन्ही बाजूंना सारखी असते. मध्य सरकला की एका बाजूच्या चिप जास्त बाद होतात. ट्रिमिंग (चिप बनल्यावर आउटपुट जुळवण्याची सोय) असेल तर त्याच्या पायऱ्या या सरकलेल्या मध्यावरच खर्च होतात. आणि दोन डमी म्हणजे १६ फिंगरवर २, साडेबारा टक्के जागा. यादृच्छिक फरक तेवढ्या जागेत कितीसा कमी होईल? वर्गमूळ आहे ते, सहा टक्के. ०.९ चा ०.८५.

वऱ्हाडी, पण या निमित्ताने एक सुचवते. लांबी १ ची २ कर. करंट तोच ठेवलास तर क्षेत्रफळ दुप्पट म्हणून थ्रेशोल्डचा सिग्मा १.४ ने उतरेल, ओव्हरड्राइव्ह ०.२५ चा ०.३५ होईल म्हणून तोच फरक करंटमध्ये आणखी १.४ ने कमी दिसेल. एकूण निम्मा, ०.४५ टक्के. कडेचे २० नॅनोमीटरही २ मायक्रॉनमध्ये १ टक्काच. १.८ व्होल्टमधून १.२ गेले तरी ०.६ उरतात, ०.३५ त्यात बसतं. पुरवठा कमीत कमी किती होणार आणि थंडीत ऑपअँप चालतो का, हे मात्र कोपऱ्या-कोपऱ्याला (प्रोसेस, पुरवठा, तापमान यांच्या टोकांना) तपास.

आणि बँडगॅपमध्ये जागा कशावर आधी खर्च करायची त्याचा क्रम डोक्यात ठेव. तुझे बायपोलर १ ला ८ असतील तर त्यांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमधला फरक खोलीच्या तापमानाला ५४ मिलिव्होल्ट. तो दहापट होऊन आउटपुटला जातो. म्हणून ऑपअँपच्या इनपुट जोडीचा १ मिलिव्होल्ट ऑफसेट आउटपुटला १० मिलिव्होल्ट. इनपुट जोडीला डमी आणि मोठं क्षेत्रफळ सगळ्यात आधी. मग हा मिरर. मग रेझिस्टर: २ मायक्रॉन रुंद पट्टीची रुंदी ०.०४ ने हलली की २ टक्के गेले, तेव्हा पट्ट्यांच्या ओळीच्या दोन्ही टोकांना तशीच पट्टी, तेवढंच अंतर, दोन्ही टोकं ग्राउंडला. जागा अगदीच तोकडी असेल तर डमी पट्टी कमी रुंद चालेल, मधलं अंतर मात्र बदलायचं नाही.

बायपोलरचा तीन बाय तीनचा चौकोन, मधला एकटा आणि भोवती आठ, त्याला डमीचं कडं करायचं तर आणखी १६ लागतात. नऊचे पंचवीस. एमिटरच्या क्षेत्रफळात १ टक्का चूक झाली तरी बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये पाव मिलिव्होल्टच फरक पडतो. तुझ्या जागेत मी ते कडं सोडून दिलं असतं. सगळे याच्याशी सहमत नसतील.

वऱ्हाडी_सर्किट

ताई, दादा, सगळ्यांचे खूप आभार. तीन दिवस यावरच बसलो होतो.

डमी स्कीमॅटिकमध्ये घेतले, मल्टिप्लायर २, सगळं ॲनालॉग पुरवठ्याला. एलव्हीएस स्वच्छ. मग मुद्दाम लेआउटमधला डावा डमी काढून पाहिला. लगेच चूक दाखवली. परत ठेवला. नेटलिस्टमध्ये एसए-एसबी नव्हतेच. एक्स्ट्रॅक्शनच्या सेटिंगमध्ये तो पर्याय बंद होता, चालू केला. आता डमीशिवाय गचा करंट दुपटीपेक्षा ०.२ टक्के जास्त येतो, डमी ठेवले की तो फरक ०.०५ च्या खाली. पीमॉस आहे म्हणून जास्तच यायला हवा होता, तसाच आला. पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं तेव्हा फार बरं वाटलं.

एचिंगवाल्या दादांचा मुद्दा सिम्युलेशनमध्ये आणायला मी एक खटपट केली. स्कीमॅटिकमध्ये गचे दोन फिंगर वेगळे काढून त्यांची लांबी हाताने एकदा ०.९८ आणि एकदा १.०२ केली. आउटपुट एकदा २.६ मिलिव्होल्ट वर, एकदा २.५ खाली. ताईंचा पावणेतीनचा अंदाज जवळजवळ तोच. हे सरांना दाखवलं. रेझिस्टरचा ब्लॉक सरकवायला त्यांनी परवानगी दिली, आणि लांबी २ करायलाही. लांबी २ केल्यावर थंडीत, कमी पुरवठ्याला आउटपुटची शाखा जेमतेम सॅच्युरेशनमध्ये राहते, ते अजून बघतोय.

एक शंका उरली. इनपुट जोडीलाही डमी लावतोय. तिथे सोर्स पुरवठ्याला नाही, टेल करंटच्या (जोडीला मिळणाऱ्या सामाईक करंटच्या) नोडवर आहे. एनमॉस जोडी आहे. टोकाला सोर्सच येतो. मग डमीचं गेट ग्राउंडला, पण बाहेरचं डिफ्यूजन कुठे? ग्राउंडला की टेलला?

राहुरीची_लेआउटवाली

टेलला. ग्राउंडला नेलंस तर टेल आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक बंद ट्रान्झिस्टर आडवा लागतो आणि गरम झाल्यावर त्याची गळती तुझ्या टेल करंटमध्ये मिसळते. दोन्ही डिफ्यूजन टेलवर, गेट ग्राउंडला, बॉडी बाकीच्या जोडीची तीच. टेलवर थोडं कपॅसिटन्स वाढेल, रेफरन्ससाठी ते चालतं. स्कीमॅटिकमध्येही असंच काढ, नाहीतर एलव्हीएस पुन्हा अडेल.

लांबी हाताने बदलून पाहिलीस ते मनापासून आवडलं. ती दोन्ही उत्तरं तुझ्या रिपोर्टमध्ये घाल.

इनपुट जोडीचं लेआउट झालं की चित्र इथे टाक, वेलची कड आणि गार्ड रिंग दिसेल असं. रविवारी संध्याकाळी बघते.